डोळे देतो म्हणणारी पोरं

संपादकांनी विषय सुचवला, "तुमच्या काळातले तरुण आणि त्यांची दानाची भावना." मी त्यांना म्हटलं, भावना पुष्कळ होती, दान आठवलं तर लिहीन. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी डोळ्यांची डॉक्टर. आता निवृत्त. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं मी वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात काढली. जिल्ह्यात तेव्हा दानाला तोटा नव्हता. भूदान होतं, श्रमदान होतं, संपत्तिदान होतं. सुटीच्या दिवशी कॉलेजची पोरं घमेली घेऊन पवनारच्या बाजूला रस्त्यावर माती टाकायला जायची, आणि फोटोवाल्याला यायला उशीर झाला तर माती टाकायलाही उशीर व्हायचा. अशा गावात मी डोळे मागायला निघाले होते.

धंदा काय होता ते आधी सांगते, कारण शिकलेल्या लोकांचाही यात गोंधळ असतो. त्यांना वाटतं, एकाचा डोळा काढून अख्खाच्या अख्खा दुसऱ्याला बसवतात. तसं नसतं. घड्याळाला असते तशी डोळ्याच्या दर्शनी भागावर एक पारदर्शक काच असते. लहानपणी देवी येऊन गेल्या आणि डोळ्यावर फोड आला, की ती काच पांढरी होते. डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते हेच. आतला डोळा चांगला असतो, फक्त खिडकीला कोणी चुना फासावा तसं होतं. हा चुना औषधानं निघत नाही. मग नुकत्याच मेलेल्या माणसाच्या डोळ्यातली स्वच्छ काच गोल कापून तिथं बसवायची आणि बारीक रेशमानं शिवायची. मात्र मेलेल्या माणसाचा डोळा पाच-सहा तासांच्या आत काढावा लागे, बर्फावर ठेवावा लागे आणि लगेच वापरावा लागे. आणि घरच्यांनी हो म्हणावं लागे. शस्त्रक्रिया मी मुंबईला शिकून आले होते. घरच्यांकडून हो कसं म्हणवून घ्यायचं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात देवीनं डोळे गेलेली माणसं रोज येत. त्यांना 'थांबा' एवढंच सांगता येई. कशासाठी थांबायचं, तर कोणीतरी मरण्यासाठी. हे तोंडावर सांगायला जड जातं.

अशात प्रभाकर माझ्याकडे आला. बी. ए.च्या शेवटच्या वर्गातला, उंच, गोरा, कडक इस्त्रीचा खादीचा झब्बा. त्याचा आवाज मात्र खरोखर चांगला होता. म्हणाला, "बाई, तुम्ही एकट्या किती धावपळ करणार? तरुणांना हाक द्या. आम्ही नेत्रदान मंडळ काढतो."

मंडळ निघालं. शाळेच्या सभागृहात सभा झाली. प्रभाकर तासभर बोलला. शेवटी दोन्ही हात पसरून म्हणाला, "हे डोळे माझे नाहीत, हे राष्ट्राचे आहेत!" टाळ्यांनी पत्रे हलले. राष्ट्राला ते कधी मिळणार, हे कोणी विचारलं नाही. सभेनंतर पोरांनी रांग लावून नावं दिली. मी खूश झाले नाही. वीस-बावीसच्या वयात माणूस मेल्यानंतरचं काहीही द्यायला तयार असतो, कारण मरण दुसऱ्यांना येतं अशी त्याची खात्री असते.

आठवडा उलटायच्या आत तीच पोरं एकेकटी दवाखान्याच्या मागच्या दाराने येऊ लागली. पुढच्या दाराने आलेला एकही नाही.

एक म्हणाला, "बाई, एकच लिहा. डावा. उजवा राहू द्या."

"का रे?"

"वर गेल्यावर एक तरी असावा."

दुसरा शास्त्र शाखेचा हुशार विद्यार्थी होता. त्यानं बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "नाव दिलेला माणूस आजारी पडला, तर डॉक्टर त्याला नीट औषध देतात ना? म्हणजे, डोळे हवे आहेत म्हणून घाई तर करत नाहीत?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी विष राखून ठेवलंय. ताप आला की ये." त्यानं नाव परत घेतलं.

तिसऱ्याचं लग्न ठरत होतं. मुलीच्या मामांना कळलं होतं म्हणे, आणि ते विचारत होते, मुलाला काही रोग आहे का. चौथा नुसताच नख कुरतडत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागतं, हे खरं आहे का बाई?" हा मुलगा प्रकाशाचे नियम पाठ करून परीक्षेला बसणार होता. मी त्याला म्हटलं, की पुढच्या जन्मी तू आत्ताइतकाच आंधळा होशील, जास्त नाही. तोही गेला.

हे सगळं मी प्रभाकरला सांगितलं. तो खिन्न हसून म्हणाला, "समाजमन घडायला वेळ लागतो, बाई."

त्या सभेचा एक परिणाम मात्र झाला, प्रभाकरला न विचारता. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचे वडील, बापूसाहेब, काठी टेकत दवाखान्यात आले. कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, अंगात बंद गळ्याचा कोट. आदल्या दिवशी ते सभागृहात मागच्या बाकावर बसले होते.

"आमच्या प्रभाकरनं काल फार चांगलं पटवून दिलं," ते म्हणाले. "मला काही त्याच्यासारखं बोलता येत नाही. माझं नाव घाला."

"घरी सांगितलंत का?"

"प्रभाकरला काय सांगायचं? त्याचंच तर आहे हे सगळं." एवढं बोलून ते थोडे लाजले. मुलाच्या भाषणाचा खरोखर विचार करणारा तो एकच श्रोता होता, आणि तो बाप होता.

त्याच हिवाळ्यात तळेगावहून वच्छला आली. आष्टी तालुक्यातलं तळेगाव, श्यामजी पंतांचं. भाऊ तिला मोटारीनं घेऊन आला होता. भावाचं नाव देवराव, वय पंचविशीचं, तिथल्याच शाळेत मास्तर. वच्छला विशीची. सात-आठ वर्षांची असताना देवीत तिचे दोन्ही डोळे गेले होते. उजवा आत सुकूनच गेला होता. डाव्यावर टॉर्चचा उजेड टाकला तेव्हा तिनं मान वळवली. आतला डोळा जिवंत होता.

"होईन का हे नीट?" देवरावानं विचारलं. "आमच्यानं किती दिवस संभाळनं होईन, बाई? थोडंबहुत दिसाले लागलं, तर कुठं तरी जमवून टाकू हिचं."

तो हे तिच्यासमोरच बोलत होता. आंधळ्या माणसाला ऐकूही येत नाही, असा पुष्कळांचा समज असतो.

मी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. ती स्वस्थ बसणारी नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायची, आयाबायांचे आवाज ओळखायची, मला पावलांवरून 'बाई' म्हणून हाक मारायची.

एका सकाळी निरोप आला, की बापूसाहेब गेले. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. मी वच्छलाला उपाशी ठेवायला सांगितलं, हत्यारांचा डबा घेतला, स्टेशनजवळच्या सोडावॉटरच्या कारखान्यातून बर्फ घेऊन रुंद तोंडाच्या थर्मासात भरला आणि टांग्यानं त्यांच्या घरी गेले.

फाटकात मंडळाची दोन पोरं उभी होती. "बाई, आज नको," एक म्हणाला.

"आज नको म्हणजे? उद्या चालेल असं यात काही नसतं."

तेवढ्यात प्रभाकर बाहेर आला. डोळे रडून लाल झालेले होते. ते रडणं खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. मी म्हटलं, "प्रभाकर, बापूसाहेबांची इच्छा तुला माहीत असेल."

"माहीत आहे," तो खाली बघत म्हणाला. "पण ते भावनेच्या भरात बोलून गेले."

"भर तुझा होता. ते दुसऱ्या दिवशी काठी टेकत, शांतपणे चालत आले होते."

"धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय, बाई. उद्या लोक म्हणतील, बापाचे डोळे काढू दिले."

"मला तुझ्या आईशी बोलू दे."

"आईला यातलं काही माहीत नाही. या अवस्थेत तिला हे विचारणं क्रूरपणा होईल." मग त्यानं डोळे पुसले आणि नेहमीचा आवाज त्याला सापडला. "तुम्ही तत्त्वाची गोष्ट आणि घरातली गोष्ट यांत गल्लत करताय, बाई."

हे वाक्य त्यानं सभेत म्हटलं असतं तर त्यालाही टाळ्या पडल्या असत्या. आत बायकांचं रडणं चाललं होतं. जबरदस्तीनं आत जाऊन विधवेच्या समोर उभं राहणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि मुलगा नाही म्हणत असताना मला हात लावता येत नव्हता. मी टांग्यात बसले. अंत्ययात्रेत मंडळ झाडून हजर होतं. प्रभाकर स्मशानात फार हृद्य बोलला, असं नंतर मला तीन-चार जणांनी सांगितलं.

वच्छला ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती.

"नाई म्हणाले का, बाई?"

"नाही म्हणाले."

"कोन?"

"मुलगा."

"लहान असन बिचारा."

"बावीस वर्षांचा आहे."

"मंग व्हायचा हाये अजून मोठा," असं म्हणून ती उठली. "जेवू का मंग मी? लय भूक लागली."

बापूसाहेबांची आठवण मला अजूनही येते. त्यांची इच्छा मी रिकाम्या थर्मासाबरोबर तशीच परत आणली. डॉक्टरला मेलेल्या रुग्णांची सवय असते. वाया गेलेल्या डोळ्याची होत नाही.

आता सुखदेवबद्दल. तो कारंज्याचा, घाडग्यांच्या कारंज्याचा. नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. वय चोवीस-पंचवीस. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली. तेव्हा त्यावर आमच्याकडे काही इलाज नव्हता. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून तो पुरुषांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात दिवसभर उशांना टेकून बसलेला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता, त्याला फार दिवस झाले नव्हते.

बापूसाहेबांचं दिवसकार्य आटोपल्यावर प्रभाकर मंडळासह दवाखान्यात फळं वाटायला आला. डोक्यावर नुकते केस उगवत होते. केळी आणि संत्री वाटून झाल्यावर व्हरांड्यात त्यानं छोटंसं भाषण केलं. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी वच्छला बसली होती, तीही ऐकत होती. भाषण संपलं तसा सुखदेव म्हणाला, "भाऊ, तुमी देल्ले का डोळे?"

"मी नाव नोंदवलं आहे," प्रभाकर म्हणाला.

"म्हंजे देल्ले नाई."

"ते मृत्यूनंतरच देतात."

"हाव, ते मले माहीत हाये. मी त्याच्या जवळ येऊन राह्यलो ना, म्हून इचारलं."

पोरं इकडेतिकडे बघायला लागली. प्रभाकरनं त्याला एक संत्रं जास्त दिलं. संत्र्यांच्या बागांतल्या कारंज्याच्या माणसाला संत्रं! सुखदेवानं ते हातात फिरवून पाहिलं आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला देऊन टाकलं.

संध्याकाळच्या फेरीला त्यानं मला थांबवलं. "बाई, माहे चालतीन का?"

मी टॉर्च काढली. डोळे लख्ख होते. "चालतील," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. तो माझ्याहून जास्त समजून होता.

"बाकी गाडी गेली, काच तेवढी साफ हाये," तो म्हणाला. "क्लीनर होतो ना. काच पुसनं माहं कामच होतं."

"पुढच्या जन्मी आंधळा होशील, अशी भीती नाही वाटत? इथली शिकलेली मुलं घाबरतात."

"पुढल्या जन्माचं सारं आमी नागपुरातच सोडून आलो, बाई." मग जरा दम खाऊन म्हणाला, "दुखन का?"

"नाही रे. तेव्हा काहीच दुखत नाही."

"मले माहीत हाये. तरी इचारलं."

मी त्याच्या आईशी बोलते म्हटलं, तर तो घाईघाईनं म्हणाला, "तुमी नका सांगू. डागदरानं सांगतलं तर माय रडन. मी सांगतलं तर भांडन. भांडलेली बरी."

तसंच झालं असावं. दोन दिवस त्याची आई व्हरांड्यात पाठ करून बसली होती आणि तो तिला मनवत होता. मग ती गावी गेली, परत आली, पुन्हा त्याच्याशी बोलायला लागली. काय ठरलं ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

सुखदेव गेला तो सकाळी, उशांना टेकलेलाच. मी गेले तेव्हा आई त्याच्या पायाशी बसली होती, पायांवर हात ठेवून. मी खाली बसले. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलली.

"त्यानं सांगतलं मले. म्या हो नव्हतं म्हटलं."

मी हातातला डबा मागे सारला.

"लय भांडलो आमी. म्या म्हटलं, जन्म म्या देल्ला, तू कोन देनारा? तो हासे नुसता." तिनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. "आता भांडाले कोन हाये? घ्या."

मी तिला सांगितलं, की चेहरा बिघडत नाही, आत कापसाची घडी ठेवून पापण्या मिटतो, झोपल्यासारखा दिसतो. ती म्हणाली, "झोपला कुठं होता तो इतक्या दिवसांत? दिसू द्या झोपल्यावानी." आणि काम होईपर्यंत दाराबाहेर भिंतीला टेकून बसली. काम झाल्यावर आत येऊन तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून नीट पाहिलं. मग मान हलवली.

वच्छलाला आम्ही तयार करत होतो तेव्हा देवराव येऊन पोचला. तो दर पंधरवड्याला बहिणीला बघायला यायचा, तो नेमका त्याच दिवशी आला. आमच्या वॉर्डबॉयनं त्याला गेटवरच सगळं सांगून टाकलं होतं.

"बाई, डोळा कोनाचा हाये?"

"माणसाचा."

"तसं नाई. घर कोनतं?"

"कारंज्याचं."

"बाई, तुमाले समजून राह्यलं मी काय इचारतो थे." त्याचा आवाज खाली आला. "गावात मालूम पडलं तर आमच्या हातचं पानी नाई पिनार कोनी. दुसरा येईन तवा करू."

हा मास्तर. पुढे एकदा तळेगावला गेले असताना मी त्याची शाळा पाहिली. भिंतीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व माणसे समान आहेत.' अक्षर त्याचंच होतं.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून वच्छला म्हणाली, "दादा, माह्या अंगात देवी आली तवा तिनं घर इचारलं होतं का?"

"तू गप बस."

"गपच तर बसली होती इतके वर्सं." आणि मग माझ्या दिशेला तोंड करून, "बाई, चाला तुमी. अंगठा कुठं लावाचा थे सांगा."

मुलगी सज्ञान होती. भावाच्या सहीची मला गरज नव्हती. देवराव तणतणत निघून गेला.

तेव्हा ही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाच करायचे, फक्त डोळा बधिर करून. हलायचं नाही, खोकायचं नाही. पांढरी पडलेली काच गोल पात्यानं उचलली, तेव्हा वच्छलानं एकच दीर्घ श्वास घेतला. तिथं सुखदेवची काच बसवली. शेवटचा टाका घातला. त्यानंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून वच्छला उताणी पडून राहिली. चांगले पंधरा दिवस. एवढ्या दिवसांत तिनं एकच तक्रार केली, की सिस्टर भात फार गिच्च करून भरवतात.

पट्टी सोडायच्या दिवशी देवराव आला. तोंड आंबट करून दाराशी उभा राहिला. मी खिडक्यांचे पडदे ओढले आणि शेवटची घडी काढली. आधी तिला नुसता उजेड दिसला. मग माझा हात, मग बोटं. बारीक काही दिसत नव्हतं, पुढेही कधी दिसलं नाही. पण माणूस दिसत होता. तिनं दाराकडे पाहिलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"दादा?" ती म्हणाली. "मिशा केवढ्या आल्या तुले!"

देवराव तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याची दया आली नाही, असं लिहायची माझी इच्छा आहे. पण आली, थोडी.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर हजर. सोबत फोटोवाला आणि गावातल्या साप्ताहिकाचा माणूस. त्याच्या हातात हार होता. म्हणाला, "मंडळाच्या प्रयत्नांना आलेलं हे पहिलं यश. वच्छलाताई, मी प्रभाकर. आपली भेट झाली होती, फळवाटपाच्या वेळी."

वच्छलानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमीच का थे? आवाजावरून लय मोठे वाटले होते."

फोटोवाला हसला. मी हार टेबलावर ठेवायला सांगितला आणि सर्वांना बाहेर काढलं. तरी बातमी छापून आलीच. तीत मंडळाचं नाव होतं, प्रभाकरचं दोनदा होतं. सुखदेवचं नव्हतं. संपादकाला चिठ्ठी पाठवली, तर त्यांनी कळवलं, की जागेअभावी.

प्रभाकर पुढे मोठा झाला. वकिली, मग राजकारण. अशांची वाढ कशानं खुंटत नाही. मंडळातली बाकीची पोरं मास्तर, कारकून, तहसीलदार झाली, आपापल्या बापांना निर्धास्तपणे जाळून मोकळी झाली. वर्ध्यात माझी ओळख असलेल्या त्या पोरांपैकी एकाच्याही घरून मला कधी बोलावणं आलं नाही.

वच्छला तळेगावला गेली आणि थोड्याच दिवसांत एकटी, मोटारीनं परत आली. "ताट येगळं ठेवून राह्यले माहं," ती म्हणाली. "आंधळी होतो तवा दिसत नव्हतं, आता दिसते." येताना ती कारंज्याला उतरून सुखदेवच्या आईकडे एक दिवस राहिली होती. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. पाठवताना म्हातारीनं भाकरी बांधून दिली होती, तेवढं सांगितलं.

मी तिला आयाच्या कामावर लावून घेतलं. काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की माझं सगळ्यात अवघड काम ती माझ्याहून चांगलं करते. मी लोकांना समजावायची. काचेबद्दल, बर्फाबद्दल, पुण्याबद्दलसुद्धा. ती काही समजावायची नाही. रडणाऱ्या माणसाच्या पुढ्यात बसायची, आणि त्यानं वर पाहिलं की म्हणायची, "माह्या या डोळ्यात पाहा." बहुतेक वेळा म्हातारी माणसं पाहून हो म्हणायची. तरुणांशी मात्र तिला झगडावं लागायचं.

एका दुपारी असाच एक तरुण. नागपूरला शिकणारा, नवा कोट, मनगटावर घड्याळ. त्याचे वडील आमच्या वॉर्डात वारले होते. जिवंत असताना हो म्हणून गेले होते. आई आत त्यांच्याजवळ बसलेली. मुलगा व्हरांड्यात माझ्याशी इंग्रजी मिसळून बोलत होता. त्याचा नेत्रदानाला तत्त्वतः पाठिंबा होता. तत्त्वतः हा शब्द ऐकला की मी थर्मास उचलून चालू लागते. त्या दिवशीही उचलला.

"घरी काकांशी बोलून दोन दिवसांत कळवतो," तो म्हणाला. "असा घाईत निर्णय घेणं बरोबर नाही. मला विचार करू द्या."

वच्छला पायरीवर बसली होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "करा ना, बाबू. इचार करा. मी बसतो इथंच. पन जरा लवकर करजा. तुमच्यापाशी सारा जनम पडला हाये, त्या डोळ्यापाशी आजची दुपारच हाये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळावर हात ठेवून नुसता उभा राहिला. वच्छला त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता. मग तो वळून आत गेला. मला वाटलं, आता मागच्या दारानं निघून जाईल.

थोड्या वेळानं तो आईचा हात धरून बाहेर आला आणि त्यानं मला आत जायला वाट करून दिली.